चिंचेतली पाचर

मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस यायच्या आधीच्या वावटळीत, ब्राह्मणपुरीच्या आमच्या शेताच्या बांधावरची चिंच पडली. चुलतभावाचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात दुःखापेक्षा वैताग जास्त होता. झाड आडवे पडले होते ते नेमके गाडवाटेवर. बुंधा चार फुटांहून रुंद, आतून अर्धा पोकळ, आणि जमिनीपासून पुरुषभर उंचीवर तीन जाड फांदे फुटलेले. शहाद्याच्या वखारवाल्याला विचारले तर चिंच म्हटल्यावर तो फोनवरच थंड झाला. सागवान असते तर रात्रीत ट्रक आला असता. शेवटी एका वीटभट्टीवाल्याने होकार दिला, पण अट घातली: दीड-दोन फुटांचे तुकडे करून द्या, भट्टीच्या तोंडात मावतील असे.

चिंच हे राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतले झाड. साग, हिरडा, मोह, आंबा, फणस यांच्या पंगतीतले. उभे असते तर तोडायला परवानगी लागली असती. आपणहून पडलेल्या झाडाचाही कागद करून घेतलेला बरा, असे चारचौघांनी सांगितले, म्हणून तो केला. मग मशीनवाला शोधला.

मशीनवाला मोटारसायकलवर आला. पोत्यात गुंडाळलेली चेनसॉ, पाण्याच्या बाटलीत ऑइल मिसळलेले पेट्रोल, गोल कानस, दोन लाकडी पाचरी, एवढाच संसार. वय असेल तिशीच्या आसपास. त्याने मशीन लगेच सुरू केले नाही, हे मला आवडले. आधी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, प्रत्येक फांद्यावर हात ठेवून तो कुठे टेकला आहे, कुठे अधांतरी आहे ते पाहिले. आडव्या लाकडात ताण असतो. दोन्ही टोकांना टेकलेला ओंडका मधे खाली झुकू पाहतो. त्याची वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. वरून कापत गेलात तर काप मिटत येतो आणि मशीनची पट्टी चिमट्यात धरावी तशी धरली जाते. म्हणून वरून तिसरा हिस्सा कापायचा, पाचर ठोकायची, मग खालून वर यायचे. एकाच टोकाला टेकलेल्या फांद्याचे गणित नेमके उलटे. आणि बुंधा जमिनीला चिकटलेला असेल तर खालून कापताच येत नाही, साखळी मातीत गेली की चार श्वासांत बोथट होते. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागू द्यायचा नाही, नाहीतर मशीन उसळून थेट तोंडाकडे येते. हे सगळे त्याने मला एखादा मास्तर सांगेल तसे सांगितले नाही. तो करत होता आणि मी विचारत होतो.

पहिल्या दिवशी फांदे संपले. दुसऱ्या दिवशी बुंध्याला हात घातला. पट्टी बावीस इंची, बुंधा तिच्या दुपटीहून जास्त, म्हणून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि मधला गाभा पाचरी ठोकून. तिसऱ्या कापाला त्याने अचानक मशीन बंद केले आणि भुशात बोट घातले. चिंचेचा भुसा पिवळट-तांबूस असतो. हा निळसर काळा होता.

“भाऊ, आत लोखंड आहे.”

चिंचेत टॅनिन भरपूर. लोखंड आत राहिले की त्याच्याभोवतीचे लाकूड शाईसारखे काळे पडते. शाई पूर्वी याच मेळातून करत. जुनी झाडे कापणारा माणूस हा रंग ओळखतो. रस्त्याकडेच्या झाडांत पाट्यांचे खिळे, कुंपणाच्या तारा, बैल बांधायच्या कड्या, काय वाट्टेल ते निघते. त्याने थोडे सरकून पुन्हा काप घेतला, तरीही एकदा ठिणग्या उडाल्याच आणि साखळीचे सात-आठ दात गेले. मग उरलेला तुकडा घणाने फोडला. आत मूठभर जाडीची, एका तोंडाला निमुळती, डोक्यावर घणाच्या मारांनी फुलासारखी पसरलेली लोखंडी पाचर होती. तिच्या वर वीतभर लाकूड वाढले होते. आणि पाचरीच्या आजूबाजूला, लाकडाच्या आत, कुऱ्हाडीचे तिरके घाव अजून स्वच्छ दिसत होते, काल घातल्यासारखे.

मी ती पाचर पाहताक्षणी ओळखली. अशाच तीन आमच्या घरी माळ्यावर होत्या. लहानपणी आम्ही त्यांवर चिंचोके फोडायचो.

*

आपल्याकडे मोठी झाडे का टिकली, या प्रश्नाची दोन उत्तरे सहसा दिली जातात. एक श्रद्धेचे: वड-पिंपळाला कुऱ्हाड लावायची नाही, देवराईतली काडीही उचलायची नाही. दुसरे कायद्याचे. दोन्ही खरी आहेत. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी लाकूड कुठून घ्यावे हे सांगताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये असे बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. पुढे इंग्रजांनी साग, शिसम, चंदन ही झाडे शेतकऱ्याच्या जमिनीत असली तरी सरकारची मानली. १८६५ चा, मग १८७८ चा, मग १९२७ चा वन कायदा आला आणि जंगलाभोवती रेघा आखल्या गेल्या.

पण खानदेशच्या सपाटीवर, तापी आणि सातपुड्याच्या मधल्या काळ्या जमिनीत, बांधाबांधावर उभ्या असलेल्या चिंचा, निंब, बाभळी यांच्याबाबतीत मला तिसरे उत्तर जास्त पटते. मोठे झाड टिकले कारण ते तोडणे परवडत नव्हते.

ज्याने कधी कुऱ्हाडीने चार फुटी चिंच फोडली नाही त्याला हे उत्तर किरकोळ वाटेल. झाड पाडणे हा त्यातला सोपा भाग. मुळांभोवती खणायचे, मुळ्या तोडायच्या, दोर लावून ओढायचे. चार-पाच माणसे, दोन दिवस. अवघड असते ते पुढे. पडलेला बुंधा म्हणजे सरपण नव्हे. चुलीत जाणारे लाकूड मनगटाएवढे. त्या दोहोंच्या मधे जी मेहनत आहे तिचा हिशेब कुणी मांडत नाही. कुऱ्हाडीने आडवा छेद घ्यायचा तर बुंधा जितका जाड तितके रुंद तोंड उघडावे लागते, म्हणजे चार फुटी बुंध्याला जवळजवळ चार फुटांचा खड्डा पाडायचा. म्हणून जाणते लोक आडवे तोडतच नसत. ते उभ्या रेषेने फोडत: रेषा सापडली की तिच्यात पाचर, तिच्या पुढे दुसरी पाचर, मग घण. सरळ वाढलेल्या बाभळीला हे जमते. चिंचेची नस एकमेकीत गुंतलेली असते, आणि बेचक्यात तर वेणी घातल्यासारखी. पाचर आत जाते आणि तिथेच बसते, लाकूड फुटत नाही. वाळलेली चिंच त्याहून वाईट. तिची उखळे, तेलघाण्यांचे भाग करायचे ते उगाच नाही. खानदेशचे खास झाड अंजन, त्याचा गाभा तर धार मोडणारा.

म्हणून बरेचदा फांद्या नेत आणि बुंधा तसाच पडू देत. कुणी पोकळीत शेणाच्या गोवऱ्या पेटवून आठ-आठ दिवस आतून जाळत. विहिरीचे सुरुंगवाले ओळखीचे असले तर दारू ठासून फोडत. नाहीतर वाळवीवर सोपवून द्यायचे. तिचा दर काही नाही.

आणि गरजही तेवढी नव्हती. सपाटीवरच्या घरात रोज जळत ते लाकूड नव्हे: कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या काट्या, गोवऱ्या. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५, मुंबईच्या बाजारात कापसाला भाव आला आणि खानदेशात कापूस पसरला. त्याने शेतकऱ्याला पैसा किती दिला यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याने चुलीला सरपण दिले हे फारसे कुणी लिहीत नाही. उन्हाळ्यात उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग घरामागे लागला की आखाड संपेपर्यंत बाईला चिंता नसे. गुळाच्या चुलाणाला चिपाड होते. जाड लाकूड हवे होते ते लग्नाच्या स्वयंपाकाला, वीटभट्टीला आणि सरणाला. सरणाला तीन-चार क्विंटल लागते, आणि ते वेळेवर लागते. प्रत्येक मोठ्या घरात म्हणूनच थोडे फोडलेले लाकूड कोरडे ठेवलेले असायचे आणि ते कशासाठी ठेवले आहे हे कुणी बोलत नसे.

लाकडाचा खरा व्यापार डोंगराकडचा. शतक बदलताना सुरत-भुसावळ रेल्वे झाली, नवापूरकडे लाकडाच्या वखारी उभ्या राहिल्या. तोडणारे हात आदिवासींचे, आधी ठेकेदारांच्या हाताखाली आणि १९४७ नंतर जंगल कामगार सोसायट्यांमधून. मोठा आरा दोन माणसांनी ओढायचा: एक ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात, डोळ्यांत भुसा. पण आरा सरळ, मोलाच्या लाकडासाठी. वाकड्या, पोकळ, गाठाळ चिंचेला आरा लावायला कोण येणार? तिच्यासाठी कुऱ्हाड, पाचर आणि अशी मेहनत जिचे पैसे द्यावे लागत नाहीत.

*

साखळीच्या करवतीची गोष्ट लाकडापासून सुरू होत नाही, हाडापासून होते. अठराव्या शतकाच्या शेवटी जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटलंडच्या दोन डॉक्टरांनी अडलेल्या बाळंतपणात हाड कापण्यासाठी दातांची बारीक साखळी वापरली, दोन टोकांना मुठी, हाताने मागेपुढे ओढायची. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन माणसाने पट्टीभोवती फिरणारी साखळी आणि ती फिरवायला हँडल असे हाडे कापण्याचे यंत्र केले. आजच्या चेनसॉचे चित्र त्यात स्पष्ट दिसते. लाकडाकडे ती आली विसाव्या शतकात. आंद्रेआस श्टिलने १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत केली, मधल्या १९२७ मध्ये एमिल लेर्पने डोल्मार नावाच्या डोंगरावर आपली पेट्रोल करवत चालवून दाखवली आणि त्या डोंगराचेच नाव कंपनीला दिले. ही यंत्रे दोन माणसांनी उचलायची होती. एकट्या माणसाच्या हातात मावेल अशी करवत १९५० च्या आसपास आली.

मात्र मला सगळ्यात जास्त आवडते ती दाताची गोष्ट. सुरुवातीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखेच होते, लाकूड खरवडणारे. सारखी धार लावावी लागे. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एक ओंडका फोडताना थांबला. आत लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची जाड अळी होती. ती नसेच्या आडवी-उभी, कशीही सहज वाट काढत होती. त्याने पाहिले की तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले आहेत आणि ती डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने कापते. त्याने साखळीचा दात तसा केला, एक डावा, एक उजवा, वळलेला. जगभरच्या चेनसॉच्या साखळ्या आज त्याच पद्धतीच्या आहेत. म्हणजे वाळवीवर सोपवलेले काम शेवटी एका अळीकडूनच शिकून माणसाने परत घेतले.

आमच्या भागात मी चेनसॉ पहिल्यांदा पाहिली ती २००० नंतर, वीज मंडळाच्या तारांखालच्या फांद्या छाटताना. मग चिनी बनावटीची स्वस्त यंत्रे आली. ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात टांगलेली दिसू लागली, आणि दोन-तीन गावांत मिळून एक तरी मशीनवाला झाला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले आणि रायगड-रत्नागिरीतल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हा कोकणातला माझा एक मित्र फोनवर म्हणाला होता की धान्य आहे, पाणी आहे, फक्त मशीनवाला नाही. घरातून रस्त्यावर यायला तीन दिवस लागले होते त्यांना.

यंत्राने वादळात माणसे सोडवली हे खरे, आणि यंत्राने बांधावरची झाडे उघडी पाडली हेही खरे. ज्या अवघडपणाने त्यांना राखले होते तोच नाहीसा झाला. पूर्वी झाड विकावे की नाही हा प्रश्नच पडत नसे, कारण विकत घेणारा आधी तोडण्याचा खर्च मोजायचा आणि निघून जायचा. आता तो बांधावर उभा राहून फोनवरच ट्रॉलीचा भाव सांगतो. कायदा आहे, पण कायदा कागद मागतो, आणि कागद कधी कधी झाड गेल्यावर तयार होतो. शहाद्याहून गावाकडे येताना माझ्या लहानपणी दिसायच्या त्या चिंचा मी या खेपेला बोटावर मोजल्या.

*

पण आमची चिंच त्याआधीच तोडली जाणार होती. ती पाचर त्याचाच पुरावा होता.

घरात ऐकलेली कथा अशी. आजोबांना त्या झाडाच्या सावलीचा त्रास होता, खाली तीन-चार वाफ्यांत पीक धरत नसे. एका सालदाराला तोडायला लावले. त्याने अर्धे काम केले, नंतर अंगचोरी केली आणि निघून गेला. वर पाचरही घेऊन गेला. झाड राहिले. “चौथी पाचर त्यानेच नेली,” हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे वापरले जाई. कुणी काम अर्धे टाकले, काही हरवले, की चौथी पाचर. मी स्वतः ते पन्नास वेळा तरी वापरले असेल.

पाचर हातात आल्यावर मी आजोबांच्या वह्या काढल्या. चिंचेच्या लाकडात सागासारखी वर्षे मोजता येत नाहीत, वलये स्पष्ट नसतात, त्यामुळे तारीख मिळाली तर वहीतच मिळणार होती. मिळाली. डिसेंबर १९७१. लोहाराला चार पाचरींचे पैसे. सुताचा दोर. घणाचा दांडा. तोडणाऱ्याला चहा-गूळ. त्याखाली बोटाएवढ्या उभ्या रेघा, रोजची एक, एकोणीस रेघा. आणि मजुरीच्या रकान्यात काहीच नाही.

रकाना कोरा असण्याचे कारण मला लगेच कळले आणि तरी कळायला वेळ लागला. सालदाराला रोज मिळत नसे. तो आखाजीला वर्षाचा ठरायचा, थोडे पैसे, थोडे धान्य, बहुधा आधी घेतलेली उचल फेडण्यासाठीच. वर्ष विकत घेतल्यावर त्यातले एकोणीस दिवस फुकटच असतात. चहा-गुळाचा हिशेब होता, माणसाचा नव्हता. वर मी जे म्हटले की मोठे झाड तोडणे परवडत नव्हते, त्याला ही पुस्ती जोडायला हवी: ज्याच्या दारात सालदार होता त्याला परवडत होते.

आता तो काळ पाहा. १९७१ च्या मे महिन्यात शहादा तालुक्यात पाटीलवाडीचे गोळीबार प्रकरण झाले होते, धान्यावरून. पाडळद्याचे अंबरसिंग महाराज, स्वतः आदिवासी, भजने म्हणत गावोगाव फिरणारे, सर्वोदयाच्या वाटेने आलेले, लोकांना गोळा करत होते. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत मागणे, सालदारांची मजुरी, दुष्काळातली कामे; पुढे बायकांनी दारूची मडकी फोडली. बड्या शेतकऱ्यांनी उत्तरादाखल पीक संरक्षणाच्या सोसायट्या काढून रखवालदार ठेवले. या सगळ्यावर पुस्तके आहेत, प्रबंध आहेत. मी पुण्यात शिकताना ते वाचले, चर्चेत तावातावाने बोललोही. आमच्या चिंचेचा आणि या इतिहासाचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आले नाही. चौथी पाचर हा घरातला विनोद होता आणि शहाद्याची चळवळ हा अभ्यासाचा विषय.

त्या सालदाराचा मुलगा गावातच राहतो. आता सत्तरीला आला आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही. पाचर घेऊन गेलो. त्याने ती हातात घेऊन वजन पाहिले आणि खाटेवर बाजूला ठेवली.

“दादा, तुमचे वडील काम सोडून का गेले?” मी विचारले.

तो बराच वेळ बोलला, पण मुद्दा एवढाच होता. झाड तोडणाऱ्याच्या ढलप्या त्याच्या, असा रिवाज होता. दिवसभर कुऱ्हाड मारायची आणि संध्याकाळी खाली पडलेल्या ढलप्या बायकोने टोपलीत भरून घरी न्यायच्या. सालदार असला तरी. तेवढीच त्याची वरकमाई, कारण त्याच्याकडे ना कापूस, ना पऱ्हाटी, ना गोवऱ्यांपुरती गुरे. चिंचेच्या ढलप्या चांगल्या जळतात, निखारा धरतात. पंधरा-सोळा दिवस त्या गेल्या. मग आजोबांनी, किंवा घरातल्या कुणीतरी, टोपली उतरवून घेतली. एवढ्या ढलप्या कशा पडतात, मुद्दाम जास्त छिलतो, असे म्हणाले. आई रिकामी टोपली घेऊन परत आली हे त्याला आठवते, तो तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. पुढे तीन दिवस वडील कामावर गेले, चौथी पाचर ठोकली, ती बसली, हलेना. चौथ्या दिवशी गेले नाहीत. आखाजीला दुसरीकडे राहिले.

“पाचर काढता आली असती का?” मी विचारले. प्रश्न मूर्खपणाचा होता, पण मला ते कळून घ्यायचेच होते.

“आली असती. बाजूला अजून एक ठोकली की निघते,” तो म्हणाला. “पण ती कशाला काढायची?”

ढलप्यांवरून भांडण ही काही आमच्याच बांधावरची गोष्ट नव्हे. लंडनजवळच्या सरकारी गोद्यांमध्ये जहाज बांधणाऱ्या सुतारांना लाकडाच्या ढलप्या घरी न्यायचा हक्क होता. सरकार शंभर वर्षे तक्रार करत राहिले की लोक चांगले लाकूड मुद्दाम ढलप्यांएवढे कापतात. शेवटी १८०१ मध्ये तो हक्क काढून घेऊन बदल्यात रोख भत्ता दिला. १८४१ मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाइन प्रांतात जंगलात पडलेली वाळकी काटकी उचलणे ही चोरी ठरवण्यावर प्रांतसभेत वाद झाला, आणि १८४२ मध्ये चोवीस वर्षांच्या कार्ल मार्क्सने वर्तमानपत्रात त्यावर लेख लिहिले. पैशाच्या प्रश्नांकडे आपण तिथून वळलो असे पुढे त्याने स्वतः नोंदवले आहे. १८७८ च्या कायद्यानंतर आपल्याकडे डोंगरात मोळी अडवली गेली, ती वन खात्याच्या माणसाने. सपाटीवर टोपली अडवायला खाते लागत नव्हते.

आजोबा वाईट माणूस होते असे मला म्हणायचे नाही. दुष्काळात त्यांनी विहीर सगळ्यांना मोकळी ठेवली होती, हे त्या मुलानेही आपणहून सांगितले. ढलप्यांचे मात्र त्यांच्या वहीत काही नाही. टोपल्या मोजायचा रकाना नव्हता.

*

चेनसॉला ढलप्या पडत नाहीत. पडतो तो भुसा, आणि बुंधा उभा चिरताना निघणारे लांब, कुरळे, शेवयांसारखे धागे. मशीनवाल्याने तासावर पैसे घेतले, पेट्रोल वेगळे, आणि मोडलेल्या दातांसाठी नव्या साखळीचे अर्धे पैसे मागितले. लोखंड तुमच्या झाडात होते, त्याच्या साखळीत नाही, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. मी पूर्ण पैसे दिले. दोन दिवसांत त्याने जे केले त्याला कुऱ्हाडीने महिना गेला असता. तो मूळचा डोंगराकडचा. नर्मदेच्या धरणात घर गेल्यावर तळोद्याच्या वसाहतीत वाढलेला, जिथे वसवण्यासाठी १९९० नंतर चार हजारांहून जास्त हेक्टर जंगल शेतीसाठी मोकळे केले गेले. “आम्ही आलो तेव्हा खुंटच खुंट होते,” असे त्याचे वडील सांगतात म्हणाला. ते खुंट त्यांनी कुऱ्हाडीने काढले.

भट्टीवाल्याने तीन ट्रॉल्या नेल्या. एक ट्रॉली मी उतरवून ठेवायला सांगितली. चुलतभावाने विचारले कशाला, तर सांगता येईना. म्हटले, पोचवायची आहे. त्याला पत्ता सांगितल्यावर तो माझ्याकडे जरा पाहत राहिला, मग ट्रॅक्टर घेऊन स्वतःच गेला. तिकडून निरोप आला की गॅस आहे, चूल आता पाणी तापवायलाच पेटते, पण लाकूड चांगले आहे, ठेवतो. बारीक करायला मशीनवाल्याला त्या बाजूने येताना पाठवा.

मशीनवाला गेला तोवर बुंध्याचा खालचा भाग तसाच राहिला होता, मुळांच्या गाठीसकट. त्याला बावीस इंची पट्टी पुरत नव्हती, आणि लोखंड अजून असेल अशी त्याला शंका होती. पोळ्यानंतर मोठी पट्टी घेऊन येतो म्हणाला. चौथी पाचर सध्या त्या खुंटावरच ठेवली आहे. मुलाने ती ठेवून घेतली नाही, आणि माळ्यावर बाकीच्या तिघींत टाकायला माझा हात झाला नाही.